खिशातले हात

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. बायकोपाशी नाही. ज्या बापाला सांगायला पाहिजे होतं, त्याच्यापाशी तर नाहीच – आणि तो आता राहिला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बोलायला बरं पडतंय.

आधी घरचं सांगतो, त्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही. हिंगोली जिल्ह्यात, साखरा गावाच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत, आमचा तांडा. जमीन दोन एकर, सगळी मुरमाड. दिवाळी झाली की बाप आणि याडी – आमच्यात आईला याडी म्हणतात – ऊसतोडीला निघायचे. एका ट्रकमध्ये माणसं, भांडी, सरपण, कोंबड्या. परत यायचे ते ऊन तापल्यावर. मला त्यांनी कधी नेलं नाही. हे पोरगं शिकंल, असं बापानं ठरवलं होतं. आणि माझ्या सोयीसाठी त्यांनी जमनालाही मागं ठेवलं.

जमना माझी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी लहान. चुलत्याच्या घरून भाकरी यायची, एखाद्या दिवशी यायचीही नाही. पाणी जमना आणायची, भांडी ती घासायची, शेरडं ती राखायची – वयाच्या सहाव्या वर्षापासून. मी पुस्तक घेऊन बसायचो.

ती जन्मापासून बहिरी. कानाशी डफडं वाजवलं तरी मान वळायची नाही. म्हणून मग आमच्या दोघांची एक भाषा झाली. कुणी शिकवली नाही, होत गेली. मनगटापासून कोपरापर्यंत हात फिरवला की याडी, तिच्या बांगड्यांवरून. हवेत कोयता मारला की बाप. कपाळावर, माझ्या जुन्या खोकेच्या जागी, बोट टेकलं की मी. तळहात वर करून पुढं केला की ‘घे, चालतंय’. हा तळहात लक्षात ठेवा. जमना कुणाच्याही वस्तूला हा तळहात बघितल्याशिवाय हात लावत नसे. कारण एकदा गोरेगावच्या बाजारात दुकानातल्या बरणीला हात लावला म्हणून तिनं मार खाल्ला होता, आणि तिला तेवढं एकदाच पुरलं होतं.

घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो, इथं सगळं मराठीत लिहितोय. पण जमनाचं आणि माझं बोलणं त्या दोन्हीतलं नव्हतं.

एकदा एक शेळी हरवली. मी शाळेतून आलो तर जमना वाटेवर उभी. तिनं हातांनी सांगितलं – मागच्या पायानं लंगडणारी, पुलापाशी, पांढऱ्या बैलांच्या कळपात मिसळली, माणूस मिशीवाला, विडी ओढत होता. चुलता तिथं गेला तर शेळी मिळाली. चुलता म्हणाला, “ही पोरगी बोलली असती तर वकील झाली असती.” ती नऊ वर्षांची असेल तेव्हा. म्हणजे तिला डोकं आहे हे मला माहीत होतं. पुढं तिला तपासणाऱ्या डॉक्टरला माहीत नसेल, मॅडमला नसेल. मला माहीत होतं.

मग मी हिंगोलीला कॉलेजात आलो. आमच्या तांड्यातून बारावीच्या पुढं गेलेला पहिला मीच. वसतिगृहात शेतकऱ्यांची, मास्तरांची पोरं. लहानपणी शाळेत माझ्या बोलण्याला हसायची, तसलीच. त्यामुळं मी मराठी घासूनपुसून घेतली होती, शर्ट खोचायला शिकलो होतो. बहीण आहे एवढं सांगितलं होतं. कशी आहे ते कुणी विचारलं नाही. मीही कशाला सांगू?

अंगणवाडीच्या बाईनं याडीला सांगितलं, की हिंगोली शहरात मूकबधिर मुलांची निवासी शाळा आहे. जेवण, कपडे, राहणं सगळं तिथंच. डॉक्टरचा कागद लागतो आणि तो देणारं शिबीर सेनगावला आहे. याडी दोन दिवस तेच बोलत होती म्हणे. बापानं मला निरोप धाडला, कारण डॉक्टरशी बोलणारा आणि जमनाशी बोलणारा असा घरात एकच माणूस होता.

मी हिंगोलीहून एसटीनं गेलो. बाप जमनाला घेऊन जीपनं आला. तिला याडीनं नवी ओढणी दिली होती. मी दिसलो तशी तिनं कपाळावर बोट टेकलं आणि हसली. मी आजूबाजूला बघितलं – आधी तेच केलं.

शिबीर शाळेत होतं. एका वर्गात डोळे, एकात हाडं, एकात कान, शेवटच्या वर्गात बुद्धी. कानाचं लवकर उरकलं. कागदासाठी बुद्धीचीही तपासणी लागायची. बाप दमला होता, त्याला मी बाहेर लिंबाखाली बसवलं. दमला होता म्हणून बसवलं, की दिसू नये म्हणून? तेव्हा मी स्वतःला पहिलं कारण सांगितलं होतं.

शेवटच्या वर्गाच्या दारात आमच्या कॉलेजची पोरं उभी होती, छातीला बिल्ले लावून. शिबिरात मदत करायला आणली होती त्यांना. त्यात माझ्या खोलीतला विलास.

“राठोड, तू हिकडं कसा बे? रविवारी पुण्य करून राहिला काय?”

मी काही बोलायच्या आत त्यानं तोंडासमोर बोटं नाचवली, गाल फुगवले, बा-बा केलं. “सकाळपासून हेच बघून राहिलो. आता रात्री जेवायबी असंच मागतो बघ.” बाकीचे हसले. विलास वाईट नव्हता. एकोणीस वर्षांचा होता, मीही तेवढाच होतो.

“कोण हाय सोबत?” त्यानं विचारलं.

जमना माझ्या शेजारी उभी होती. तिची ओढणी माझ्या कोपराला लागत होती. मी म्हणालो, “तांड्यातली हाय एक. तिच्या बापाला समजत न्हाई, म्हणून आलो.”

तिच्या बापाला. असं म्हणालो मी.

इथं थांबलो असतो तरी ते फक्त एक खोटं झालं असतं. पण तसं म्हटल्यावर पुढं काय करणार? तांड्यातल्या कुठल्याशा पोरीची भाषा मला कुठून येणार? आणि विलास दारातच होता, आत बघत.

टेबलामागं एक तरुण मॅडम. तिनं जमनासमोर लाकडी फळी ठेवली. फळीत भोकं – गोल, चौकोन, चांदणी – आणि बाजूला तशाच आकाराचे तुकडे. ज्याचं त्याच्यात बसवायचं. जमनानं एकदा फळीकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. तिला काय पाहिजे होतं ते मला समजलं होतं. नुसता तळहात. वर करून पुढं.

माझे हात खिशात होते.

मॅडमनं एक तुकडा उचलून स्वतः बसवून दाखवला, काढला, जमनापुढं सरकवला. जमना माझ्याकडंच बघत राहिली. मॅडमनं मला विचारलं, “घरी हिच्याशी कसं बोलतात? काही खुणा असतील ना? तशी खूण करा ना, हे बसव म्हणावं.”

“खुणा कळत न्हाईत तिला,” मी म्हणालो.

“अजिबात?”

“न्हाई.”

मॅडम चांगली होती. घाईत होती, बाहेर रांग होती, तरी तिनं आणखी एकदा करून बघितलं. चांदणीचा तुकडा जमनाच्या हातात दिला. जमनानं तो उलटापालटा करून बघितला आणि माझ्यापुढं धरला, ज्याची वस्तू त्याला द्यावी तसा. मी एक हात खिशातून काढला, तो तुकडा घेतला आणि टेबलावर ठेवला. हात परत खिशात घातला.

एवढंच झालं. पाच मिनिटंही लागली नसतील. मॅडमनं लिहिलं, मोठ्या डॉक्टरनं सही केली.

लिंबाखाली मी कागद बापाला दिला. त्याला वाचता येत नव्हतं, त्यानं तो परत माझ्या हातात दिला. “काय लिव्हलं?”

“ऐकू येत न्हाई म्हणून लिव्हलंय.”

“ते तर मीबी सांगितलं असतं,” बाप म्हणाला, आणि हसला. “एवढ्यासाठी दोन जीपा बदलाया लावल्या.”

कागदावर दोन शब्द होते, मूकबधिर आणि त्याच्यापुढं मतिमंद. मी पहिलाच वाचून दाखवला होता.

दुसरा शब्द बापाला निवासी शाळेत कळला. मुख्याध्यापकांनी कागद बघितला आणि म्हणाले, “आमच्याकडं फक्त मूकबधिर घेतात. हिला मतिमंद लिहिलंय. ती शाळा वेगळी, नांदेडला बघा.” बापाला तो शब्द दोनदा सांगावा लागला. समजला तेव्हा तो खुर्चीवरून उठला. “साहेब, न्हाई ओ. पोरगी हुशार हाय. चौदा शेरडं राखती. कुणाचं कोणतं पिल्लू, सगळं ठावं हाय तिला.” मुख्याध्यापक माझ्याकडं वळले. “तुम्ही शिकलेले दिसता. तुम्हीच सांगा.”

बघा, इथंही विचारलं होतं मला. इथं दारात विलास नव्हता, कुणीच नव्हतं. जमना बाहेर व्हरांड्यात त्या शाळेतल्या पोरींचे हात बघत उभी होती – दोन पोरी हातांनी काहीतरी भांडत होत्या, आणि ती हसत होती. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “डॉक्टरांनी तपासूनच लिहिलं असेल.”

का? आता कबूल करायचं तर शिबिरातलंही करावं लागलं असतं, म्हणून. आणि ती शाळा माझ्या कॉलेजच्या रस्त्यावर होती, म्हणूनही. दर शनिवारी तिला भेटायला जावं लागलं असतं. एसटी स्टँडवर, सगळ्यांसमोर, हातांनी बोलावं लागलं असतं.

घरी गेल्यावर याडीनं विचारलं. बाप म्हणाला, “डॉक्टरनं लिव्हलं म्हंजी आसंल.” त्यानंतर हळूहळू त्यानं जमनाला काही विचारायचं सोडलं. शेरडं चुलत्याच्या पोराकडं गेली. तांड्यात तिला येडी म्हणायला लागले. आधी म्हणत नव्हते. त्या दिवाळीला तिला ट्रकमध्ये बसवलं. बारा वर्षांची होती. पुढं सात हंगाम ती उसाच्या मोळ्या बांधत होती.

मी बी.ए. झालो. तांड्यातला पहिला. बापानं गूळ वाटला. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, तो मी लपवणार नाही. मग अपंगांच्या शिक्षणाची पदविका केली, कारण त्या लायनीत नोकऱ्या निघत होत्या. मुलाखतीत विचारलं, हेच क्षेत्र का? मी म्हणालो, “माझी सख्खी बहीण मूकबधिर आहे.” समोरच्या तिघांनी माना हलवल्या. चारचौघांत ती माझी बहीण आहे असं मी म्हणालो ते पहिल्यांदा तिथं. नोकरी मिळाली. गावोगावी फिरून अशी लेकरं शोधायची, आईबापांना समजवायचं, शाळेत बसवायचं. ते काम मी चांगलं करतो. आयांना सांगतो, लाजू नका, हातानं बोला. भाषणातही बहिणीचं सांगतो. लोकांचे डोळे भरतात. मी भरू देतो.

जमनाचा जुना कागद फाटायला आला, तेव्हा बापच म्हणाला, “इतक्या लोकायचं करतू, हिचाबी नवा करून घे.” ती एकवीस वर्षांची होती. हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. दुसरी मॅडम, फळी तशीच. जमनानं माझ्याकडं बघितलं. मी तळहात वर करून पुढं केला. तिनं सगळे तुकडे बसवले, थांबली नाही. मग मॅडमनं चित्रं लावायला दिली, तीही लावली.

मॅडमनं जुना कागद उलटसुलट बघितला. “मतिमंद कुणी लिहिलं हिला? तेव्हा कसं तपासलं होतं?”

“तेव्हा कुणाला खुणा येत नव्हत्या,” मी म्हणालो. बाप शेजारीच बसला होता. त्याला ठाऊक होतं का? मला खुणा येत होत्या हे तर त्याला पक्कं ठाऊक होतं. चार वर्षांनी तो गेला, तोवर त्यानं तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

विलास आज भेटला तर त्याला ते शिबीर आठवायचंही नाही. त्याच्यावर यातलं काही नाही. मॅडमवर नाही, मुख्याध्यापकांवर नाही. वय लहान होतं असंही मी म्हणणार नाही, कारण दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. जमनाला सांगता येईल का? येईल. आमच्या भाषेत खोटं बोलण्याला खूण आहे, गालात जीभ फिरवायची. ती खूण मी तिच्यासमोर माझ्याकडं बोट करून केलेली नाही. आणि हे असं लिहायला मी धजलो, कारण तिला वाचता येत नाही.

नव्या प्रमाणपत्रावर फक्त कर्णबधिर आहे. अर्जावर तिनं अंगठा दिला नाही, सही केली. जमना राठोड, एवढं तिला लिहिता येतं.