वाचलेल्या पेशी

माणसाच्या चरबीतून काढलेल्या मूळ पेशी मी पुण्याच्या प्रयोगशाळेत मुद्दाम उपाशी ठेवल्या होत्या. मेलेल्या पेशीतच शिरणारा निळा रंग घालून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर निळ्या गर्दीत काही पेशी स्वच्छ चमकत होत्या. त्या जिवंत होत्या. सरांना सांगायचं सोडून मी मालवणला बाबांना फोन लावला. बाबा मासेमारी करायचे. वादळातून परतलेली होडी आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दर्यात लोटत नाहीत. मी धापा टाकत सगळं सांगितलं. म्हटलं, आता याच पेशी लगेच पुन्हा उपाशी ठेवते, बघूया किती तग धरतात.

बाबा एकदम रागावले. “आज नको गो. वाचान इल्यो त्यो. आदी तेंका जेवाक घाल.”