हिरड्याच्या रानाची दवंडी

महाराजांच्या कृपेने कोल्हापुरात बोर्डिंगात राहून मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिलाच. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण बोर्डिंगातली पंगत सुटली आणि शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत मी एकटा राहू लागलो. एका वकीलसाहेबांकडे कारकून होतो. कचेरी सुटली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाशी बोलायचा प्रसंग येत नसे.

त्या वर्षी वकीलसाहेबांकडे मुंबईच्या एका कंपनीचा दावा आला. शेजारच्या एका लहान संस्थानाने कंपनीला हिरड्याच्या रानाचा दहा वर्षांचा मक्ता दिला होता आणि चौथ्याच वर्षी तो मोडून रान गावकऱ्यांना खुले केले होते. करारात अट होती, मक्ता मोडायचा तर सहा महिने आधी कळवावे. संस्थानाचे म्हणणे, आम्ही बाजारात दवंडी पिटून कळवले. ते रान माझ्याच गावचे. कंपनी जिंकली तर गावाला हिरडा पुन्हा बंद होणार होता.

संस्थानातर्फे साक्ष द्यायला माझे चुलते आले. लहानपणापासून त्यांनीच मला सांभाळले. उतरले माझ्याकडेच. दारातूनच म्हणाले, "एवढं शिकलास आन् ऱ्हातोस खुराड्यात व्हय रं?"

किती दिवसांनी मी मोठ्याने हसलो! जेवताना सहज विचारले, "तात्या, दवंडी खरंच झालती?"

"झालती म्हंजे? संक्रांतीच्या बाजारी. हलगीवाल्याम्होरं मीच हुतो की! गूळ वाटला आमी."

रान खुले झाले शिमग्याला. मध्ये दोनच महिने. तात्यांना अटीची कल्पना नव्हती. हलगी वाजली म्हणजे सरकारचा शब्द पक्का, एवढेच आमच्याकडे ठाऊक.

सकाळी मी हे वकीलसाहेबांना सांगितले. ज्याचे मीठ खातो त्याच्यापासून काही लपवू नये, असे मी मानत होतो. तेव्हा गप्प बसण्याचे मला सुचलेही नाही.

दाव्यासाठी नेमलेल्या लवादापुढे वकीलसाहेबांनी तात्यांना एकच प्रश्न केला, "दवंडी कुठल्या बाजारी झाली?" तात्यांनी छाती काढून सांगितले. संस्थानाच्या वकिलांनी कपाळाला हात लावला, तेव्हा तात्या वळून माझ्याकडे बघत राहिले. जबानीखाली सहीऐवजी नांगराची निशाणी काढतानाही त्यांचे लक्ष कागदाकडे नव्हते.

बाहेर आल्यावर म्हणाले, "तू सांगितलंस?"

"व्हय, तात्या."

"खोटं काय न्हाय सांगितलंस." आणि गाठोडे घेऊन ते गाडीअड्ड्याकडे निघून गेले. मी हाक मारली. ते थांबले नाहीत.

निकाल कंपनीच्या बाजूने लागला, मक्ता पुन्हा चालू झाला. पुढच्या शिमग्याला मी गावी निघालो. रानाच्या तोंडाशी कंपनीचा पहारेकरी बसला होता. शेजारी गावातल्या बायांच्या हिरडा वेचायच्या, हिसकावलेल्या पाट्या पडल्या होत्या. कंपनीच्या वकिलांचा माणूस म्हणून त्याने मला ओळखले आणि उठून सलाम केला.

मी तिथूनच कोल्हापूरला परतलो.