पाळण्यावरचा पाणघोडा

माझ्या नातीच्या बारशाला घरात राक्षस मीच आणला. सुती, पक्क्या रंगाचा आणि घरी धुता येणारा.

सोलापुरात चादरींवरची नक्षी काढण्यात माझी हयात गेली, पण मैंदर्गीच्या आमच्या विहीणबाईंनी माझ्या कामाला कधी दाद दिली नाही. लेकीच्या लग्नात मी स्वतः काढलेल्या मोराची चादर त्यांना आहेरात दिली, तर त्या उलगडून म्हणाल्या, "कोंबडा बरा हाय." (पिसारा होता हो त्याला! पूर्ण पिसारा!) तेव्हापासून माझा एकच ध्यास, या बाईंच्या तोंडून एकदा तरी कौतुक वदवून घ्यायचं. नात झाली आणि संधी चालून आली. बाळाची चादर आजोबा काढणार!

चादरीवर कोण, हेही पक्कं होतं. लहानपणी आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर एक अमेरिकन कार्टून बघायचो. त्यात एक ढेरपोट्या पाणघोडा असायचा. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, हातात पाव. तो डोंगरावरून पडायचा, पापडासारखा चपटा व्हायचा, उठायचा आणि पाव खायला लागायचा. त्याला कसलं म्हणून दुःख नव्हतं.

पण बाळंतपणाला आलेली आमची अश्विनी म्हणाली, "बाबा, तो आता नवा आलाय. जपानी अ‍ॅनिमेच्या वळणाचा. जुना कुणाला ओळखूसुद्धा येत नाही." तिने मोबाइलवर दाखवला. अहो, पाणघोड्याला कंबर! डोक्यावर खराट्यासारखे उभे केस, अर्धा चेहरा व्यापणारे डोळे, डोळ्यांत चांदण्या. पूर्वी कुणी पाव पळवला तर हा हसायचा. आता पाव पळवला की वारा सुटतो, आभाळात त्याची वारलेली आई दिसते, हा दात विचकून किंचाळतो आणि अंगातून ज्वाळा निघतात. पाव राहतो बाजूला. मी नाक मुरडत बघायला बसलो आणि आईच्या प्रसंगाला रुमाल काढला. काढायचा तर हाच, असं तिथंच ठरलं.

अडचण एवढीच की आमच्या मागावर रंग मोजके. डोळ्यांतल्या चांदण्या, गालांवरची लाली, ओघळणारी आसवं, काहीच बसेना. लाल, काळ्या आणि पांढऱ्यात बसणारा एकच प्रसंग होता, किंचाळण्याचा. मी तोच घेतला. चादर विणून आली तेव्हा आमच्या हिने ती बराच वेळ न्याहाळली आणि शांतपणे विचारलं, "बाळाला पांघरायचीय की पळवून लावायचंय?" मी म्हटलं, तुला कलेतलं काही कळत नाही. तिने चादर उलटली. आपली चादर उलट्या बाजूला रंग बदलते, हे मी जन्मभर लोकांना अभिमानाने सांगत आलोय. उलट्या बाजूला काळं तोंड आणि लालभडक दात होते.

"निदान सुलट वापरा," ती म्हणाली आणि पुरणाकडे वळली.

बारशाच्या दिवशी मला शंका आली की पांघरलेली चादर विहीणबाईंना दिसणार कशी? म्हणून मी ती पाळण्याच्या वर छतासारखी ताणून बांधली. तोंड खाली. बाळाला पाळण्यात घातलं. बाळाने वर पाहिलं. आणि जो टाहो फोडला की शेजारणींच्या कडेवरची पोरंही सामील झाली. आत्याने बाळाच्या कानात सांगितलेलं नाव आत्यालाच ऐकू आलं नाही. पाळणा म्हणणाऱ्या बायका दोन ओळींत थांबल्या. एका आजींनी वर पाहून हात जोडले!

विहीणबाई उठल्या. त्यांनी बाळाला उचलून अश्विनीकडे दिलं, मग चादर सोडवली आणि दोन्ही हातांत धरून निरखू लागल्या. मी भिंतीला टेकलो. सगळं बारसं माझ्याकडे बघत होतं.

"बीगरे," त्या म्हणाल्या (त्यांच्या कानडी घरात व्याह्याला असंच म्हणतात), "हे तुमी काढलाव?"

मी मान हलवली. नाही म्हणायची सोय नव्हती.

"लई छलो काढलाव की. नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून असलंच तोंड हुडकायलोय आमी. बाजारात मिळत्यात त्येला भ्यावंच वाटत न्हाई."

कौतुक! भर बारशात! मी एवढा हुरळलो की तो राक्षस नाही, पाणघोडा आहे, त्याला आई नाही, हे सांगायचंच राहिलं. चादर मैंदर्गीला गेली आणि नव्या घराच्या दर्शनी भिंतीवर चढली.

वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. मी मुद्दाम चादरीखाली जाऊन उभा राहिलो, येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं म्हणून. विहीणबाईंनी घर बांधणाऱ्या गवंड्याला बोलावलं आणि माझ्या दिशेने हात करून कौतुकाने सांगितलं, "हेच बघा आमचे बीगर."

गवंड्याने वर चादरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं आणि अदबीने विचारलं, "फोटोवरून काढलंय की समोर बसवून?"

मी म्हटलं, "आरशात बघून."