देवीला सोडलेले शेंगदाणे

लग्न होऊन मी नाशकात, सिडकोतल्या घरी आले ती नव्वदीच्या दशकाची सुरुवात. त्या घरात शेंगदाण्याचा कूट फक्त चहात नसायचा, आणि त्याचीही मला कधी पूर्ण खात्री वाटली नाही. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाला तर दाण्याचीच आमटी. आणि मला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. एक दाणा पोटात गेला की ओठ भरल्या वांग्याएवढे होतात आणि घशातून ओझरला विमान उतरताना येतो तसला आवाज निघतो. डॉक्टर याला ॲलर्जी म्हणायचे. सासूबाई नखरे म्हणायच्या.

"शेंगदाण्यानं कधी कुणाला काही झालंय का?"

"मला होतं, आई."

"सवय नाही म्हणून होतं. चिमूटभर घालते, कळणारसुद्धा नाही."

मला कळायचं. एकदा दुधीच्या भाजीतल्या चिमटीनं माझं तोंड असं सुजलं की नवऱ्यानं दार उघडून विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" दवाखान्यातून इंजेक्शन घेऊन आले, तर सासूबाईंचं निदान तयार होतं. "दुधी वातूळच असतो मेला."

पुढच्या एकादशीला त्या खिचडीचा डाव घेऊन माझ्यापाशी आल्या, तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला आणि तोंडाला आलं ते बोलून गेले.

"आई, मी वणीच्या देवीला शेंगदाणे सोडलेत."

डाव हवेतच थांबला. "कधी?"

"परवाच."

"किती वर्षांसाठी?"

याचा विचार मी केलेला नव्हता. "पाच."

सासूबाईंनी डाव खाली ठेवला, हात धुतले आणि माझ्यासाठी वेगळी भगर टाकली.

त्या दिवसापासून आमच्या घराला जो पहारा बसला तसा सरकारी खजिन्यालाही नसेल. माझी पातेली वेगळी, मिक्सरचं भांडं वेगळं, शेंगदाणा तेलाचा डबा हद्दपार. आजाराला चिमूटभर चालतं, देवीला कणही चालत नाही, हे मला तेव्हा समजलं. लग्नकार्यात गेलो की त्या आधी आचाऱ्याला गाठायच्या.

"या रश्श्यात दाणे आहेत?"

"थोडेच, मावशी. चवीपुरते."

"चवीपुरते तुझ्या देवीला चालत असतील. आमची कडक आहे."

मग मला वरण-भात आणि त्यांचा स्वतःचा पहारा. पाच वर्षांत माझा ओठ म्हणून सुजला नाही. डॉक्टरांना वाटलं, त्यांच्या गोळ्यांचाच गुण.

पण सासूबाई वर्षं मोजत होत्या. पाचवं सरलं तसं त्यांनी कौतुकानं जाहीर केलं, "सूनबाईचं उद्यापन करायचं. फार सोसलं पोरीनं." उद्यापन म्हणजे सोडलेली वस्तू देवीला दाखवून पुन्हा खायला लागायचं. एकदा ते झालं की पहारा उठणार, तेलाचा डबा परतणार आणि मी पुन्हा चिमटीच्या तावडीत. मी शेवटचा प्रयत्न केला.

"आई, देवी स्वप्नात आली होती. म्हणाली, राहू दे."

"घरात थोरली मी. आधी माझ्या स्वप्नात यायला हवी होती."

शुक्रवारी गुरुजी आले, शेजारच्या सवाष्णी आल्या. सकाळपासून इतके दाणे भाजले जात होते की अख्ख्या सिडकोत वास सुटला असावा. मी गोळी पदराच्या गाठीत बांधून, नवऱ्याला स्कूटर दाराशी लावायला सांगून पाटावर बसले. आरती झाली. सासूबाईंनी लिंबाएवढा दाण्याचा लाडू उचलला आणि डोळ्यांत पाणी आणून माझ्या तोंडाशी नेला.

"खा गं माझी बाय."

मी ओठ घट्ट मिटले. लाडू नुसता टेकला. मी म्हणे नववधूसारखी लाजतेय, असं बायकांना वाटलं. गुरुजींचा मंत्र संपायच्या आत माझा वरचा ओठ उठला, मग खालचा, आणि दोघांनी मिळून नाकाची वाट धरली. एक सवाष्ण हातातली ओटी टाकून मागे सरकली. सासूबाईंनी लाडू ताटात परत ठेवला.

"गुरुजी, हे काय?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, लाडवाकडे पाहिलं, दक्षिणेच्या ताटाकडेही पाहिलं. "देवी परत द्यायला तयार नाही, असं दिसतं."

"मग किती वर्षं?"

"आजन्म."

सासूबाईंनी तिथल्या तिथे लाडवांचं ताट सवाष्णींच्या हवाली करून त्यांना वाटेला लावलं. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, ओल्या फडक्यानं माझे ओठ पुसले, पदराची गाठ सोडून गोळी भरवली. नवरा किल्ली घेऊन दारात उभा होता. घसा अजून मोकळा होता, तरी दवाखान्यात जायचंच असं ठरलं. स्कूटरवर बसताना सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"एक सांग. आणखी काही सोडलेलं नाहीस ना देवीला? आत्ताच सांग, मागाहून घोळ नको."

मला त्या घरात आणखी एकाच गोष्टीचा मनापासून कंटाळा होता. दोन्ही ओठ कसेबसे हलवून मी म्हणाले, "दोडकं, आई."

त्यांनी दारात आलेल्या गुरुजींकडे वळून पाहिलं. गुरुजींनी मान डोलावली.