फ्लॉरेन्स उशिरा धावत आहे

कंट्रोलरकाकांना चहा घेणार का विचारलं, तर ते हो किंवा नको म्हणत नसत. “चार बावीसला चालेल,” म्हणायचे, आणि चार बावीसला आमच्या दोन घरांमधल्या कुंपणापाशी खरोखर उभे असायचे. एकदा मी चार एकोणीसलाच कप घेऊन गेले. तर म्हणाले, “वेळेआधी गाडी सोडणं हा उशिरापेक्षा मोठा गुन्हा. उशिरा आलेल्या गाडीला प्रवासी शिव्या देतो, पण त्याला ती मिळते तरी.” तीन मिनिटं आम्ही दोघं चहाकडे बघत उभे राहिलो.

कराडच्या एसटी स्टँडवर चौतीस वर्षं त्यांनी वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. आमच्या शेजारचा मंदार हा त्यांचा मुलगा. करोना आला त्या वर्षी फेब्रुवारीत ते त्याच्याकडे नीउ-व्हेनेप या डच गावी तीन महिन्यांसाठी आले. काकूंना विमानाची भीती, म्हणून एकटेच. मार्चअखेरीच्या एका शनिवार-रविवारी मंदार त्यांना इटलीत फ्लॉरेन्सला नेणार होता. स्वतःच्या हौसेसाठी काकांनी केलेला तो पहिला प्रवास ठरला असता. “सुट्टीत सगळ्या कराडला मी महाबळेश्वरला धाडलं,” ते सांगायचे, “आणि सुट्टीत आमची रजा बंद.”

मग सगळंच बंद झालं. मंदारने जपून सांगितलं, “बाबा, फ्लॉरेन्स रद्द झालं.”

“रद्द हा शब्द उच्चारायचा नाही,” काका म्हणाले. “प्रवासी पांगतात. उशिरा धावत आहे, म्हण.”

त्या दिवसापासून ते दर सोमवारी फ्लॉरेन्सचं सुधारित वेळापत्रक काढू लागले. फूटपट्टीने आखलेला कागद, लाल शाईत सुटण्याच्या वेळा, निळ्या शाईत पोचण्याच्या. दोनच प्रवाशांवर फेरी परवडत नाही, असं म्हणून त्यांनी मंदार, त्याची बायको केतकी, मी आणि माझा नवरा अशी आमची चौघांची नावं स्वतःच्या नावाखाली लिहिली आणि पाच आकड्यावर समाधान मानलं. शिफोल विमानतळ जवळ असल्यामुळे एरवी आमच्या डोक्यावरून सतत विमानं जायची. आता आकाश रिकामं होतं. काका वर बघून म्हणायचे, “संप दिसतोय. मिटेल.”

फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चच्या घुमटाला चारशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत, हे त्यांना कुठूनसं कळलं. मंदारच्या घरातला जिना डच, म्हणजे शिडीला नुसतं नाव जिना, आणि त्याला पायऱ्या चौदा. काकांनी हिशोब केला : तेहतीस वेळा चढायचं, शेवटी एक पायरी जास्त. रोज सकाळी नऊ चाळीसला ते सुरू करायचे. जिन्यासमोरच मंदारचं ऑफिस थाटलेलं. त्यामुळे त्याच्या प्रत्येक मीटिंगमध्ये मागून कानटोपी घातलेले एक गृहस्थ दर मिनिटाला वर जायचे, दर मिनिटाला खाली यायचे. आठवडाभर कुणी काही बोललं नाही. मग एके दिवशी मंदारच्या डच बॉसने मीटिंग थांबवून विचारलं, “आज एकोणतीसच झाले. त्यांची तब्येत बरी आहे ना?”

जिना साधल्यावर काका रस्त्यावर उतरले. चालण्याच्या वेळा प्रत्यक्ष चालल्याशिवाय कळत नाहीत, असं त्यांचं मत. सुपरमार्केट म्हणजे घुमट. कालवा म्हणजे नदी. कालव्यावरचा सायकलींचा पूल म्हणजे तिथला जुना, सोनारांच्या दुकानांचा पूल. काका, केतकी आणि मी दीड-दीड मीटर अंतर राखून हे शहर पाहायचो. त्या दिवसांत एकेका माणसाने एकेक ट्रॉली घेतल्याशिवाय सुपरमार्केटात सोडत नसत. म्हणून आमच्या फ्लॉरेन्समध्ये घुमटात शिरायला ट्रॉली सक्तीची होती. काकांनी त्यासाठी तीन मिनिटं वेळापत्रकात धरली.

एका दुपारी पुलावर खेमेंटेच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, गणवेशातल्या माणसाने आम्हाला अडवलं. तिघांनी एकत्र फिरायला तेव्हा बंदी होती. आमच्यातल्या अंतरावरून तिघं एका घरची नाहीत, हे त्याला लगेच कळलं. काका शांतपणे इंग्रजीत म्हणाले, “वुई आर इन फ्लॉरेन्स.”

घाईघाईने मी माझ्या मोडक्या डचमध्ये सगळं सांगितलं : कराड, विमान, घुमट, ट्रॉली. त्या माणसाने काकांच्या हातातला कागद मागून घेतला, नीट वाचला आणि परत दिला. म्हणाला, “फ्लॉरेन्समध्येसुद्धा आज दोघांनाच परवानगी आहे.” केतकी मागच्या मागे घरी गेली. काकांना तो माणूस फार आवडला. “खात्यातला वाटतो,” म्हणाले.

जुलैपर्यंत इटली उघडली. पाच तिकिटं निघाली, शनिवारची. त्याच आठवड्यात कराडहून शेजारणीचा फोन आला. काकूंचं मनगट मोडून बारा दिवस झाले होते. रोजच्या व्हिडिओ कॉलवर त्या फक्त चेहरा दाखवत होत्या. दुसऱ्या दिवशी अडकलेल्या लोकांसाठी सोडलेल्या खास विमानात काकांना जागा मिळाली. ती निघाली गुरुवारची.

“पुढचं विमान मिळतंय का बघू या, बाबा,” मंदार म्हणाला. “दोनच दिवसांचा प्रश्न आहे.”

“ती पाच महिने स्टँडवर उभी आहे,” काका म्हणाले. एवढंच. मग वेळापत्रकाचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मंदारला दिला नाही. त्याचे डोळे भरले होते. “माझी एक सीट रिकामी जाईल, तेवढं चालतं. पण गाडी सोडायची.”

आम्ही चौघं गेलो. काका तेव्हा मुंबईच्या एका हॉटेलात, विलगीकरणाच्या सात दिवसांपैकी दुसऱ्यावर. बाहेर पडायला बंदी, खिडकी उघडत नाही. सबंध शनिवार त्यांनी फोनवरून आम्हाला चालवलं. “कुठं आहात?” “पुलावर, काका.” “चार मिनिटं उशीर आहे. सोनारांकडे बघू नका.” घुमट चढताना केतकी दोनशे दहाव्या पायरीवर बसली, तर म्हणाले, “दम खा. ते मी धरलेलं आहे.” वर पोचल्यावर मंदारने फोन गर्रकन फिरवून त्यांना सगळी लाल कौलं दाखवली. त्यांनी नुसती वेळ विचारली आणि लिहून घेतली.

रविवारी दुपारी कागदावर मोकळी जागा होती. दोन ते चार चाळीस, काहीच नाही. काका आणि रिकामी जागा! मला वाटलं, घाईत राहिलं. नदीकाठी उभं राहून मी फोन लावला.

“राहिलं नाही,” ते म्हणाले. “तिथं मी बसणार होतो. कुठंही. प्रवासी बसतात तसा.”

आम्ही नदीच्या कठड्यावर बसलो. मी फोन एका बाटलीला टेकवून त्यांच्याकडून पाणी दिसेल असा ठेवला. एक नाव गेली, एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. पडद्यावर काका पलंगाच्या कडेला, हात मांडीवर ठेवून, हलके पुढे झुकून बसले होते. चारच्या सुमाराला त्यांच्या खोलीचं दार वाजलं. जेवणाचं ताट आलं असावं.

काकांनी मान न वळवता सांगितलं, “बाहेरच ठेवा. मी गावाला आलोय.”