ग्यानीजींचा उघडा कान

इअरप्लग नीट बसावेत म्हणून मी ते पेन्सिलीने कानात ढकलले.

टोकाच्या बाजूने नाही, मागच्या रबराच्या बाजूने. तेवढी अक्कल शाबूत होती. चंदीगडजवळ डेराबस्सीच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून माझा तो चौथा दिवस. कंप्रेसर हाउसमध्ये तीन मशिनं एकदम चालायची आणि आपण बोललेलं आपल्यालाच ऐकू यायचं नाही, म्हणून स्टोअरने प्रत्येकाला पिवळ्या स्पंजाच्या प्लगची जोडी दिली होती. इतरांच्या कानात ती गुमान बसायची, माझी बाहेर डोकवायची. पेन्सिलीने ढकलल्यावर सगळा आवाज लांब कुठेतरी गेला आणि मी स्वतःवर खूश झालो. पाचव्या मिनिटाला जमीन तिरकी झाली. मग छप्पर एका बाजूला निघालं. भूकंप झाला असं समजून मी ‘बाहेर पळा’ म्हणून जिवाच्या आकांताने ओरडलो. कोणाला ऐकू गेलं नाही हे माझं नशीब.

पण एकाने पाहिलं. दाढी जाळीत बांधलेला, निळ्या पगडीचा एक म्हातारा ऑपरेटर आला, मला बखोटीला धरून बाहेर नेलं आणि उलट्या ड्रमवर बसवलं. तिथे मी त्याच्या बुटांवर ओकलो. मग प्लग उपटून काढायला हात नेला, तर त्याने मनगट धरलं.

“हौली-हौली, साहब,” तो म्हणाला. म्हणजे हळूहळू. “कान बीवी का मायका है. पूछ के जाना, पूछ के आना.”

डाव्या कानातला प्लग त्याने दोन बोटांत धरून, स्क्रू फिरवावा तसा फिरवत काढला. उजवा निघालाच नाही. तो संध्याकाळी चंदीगडला परतल्यावर, माझी बायको ज्या मेडिकल संस्थेत काम करते तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी चिमट्याने काढला. प्लगने कानातला मळ पुढे रेटत पार पडद्याला टेकवला होता, म्हणून चक्कर. बायको शेजारी उभी होती. तिच्याच नोकरीपायी आम्ही सांगलीहून इकडे आलो होतो. ती आली आणि मी तिच्या सामानाबरोबर आलो, असं म्हटलं तरी चालेल. तिने डॉक्टरांना फक्त एवढंच विचारलं, की पेन्सिल आत राहिलेली नाही ना.

त्या ऑपरेटरला सगळे ग्यानीजी म्हणायचे. खरं नाव मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून प्लग घालायला शिकवला. आधी हात धुवायचे. प्लग बोटांत वळून समईच्या वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट लावून थांबायचं. त्याचं शेपूट बाहेर राहिलंच पाहिजे. काढताना फिरवत काढायचा. झटक्याने ओढला तर आत पोकळी होऊन पडदा खेचला जातो आणि डोकं गरगरतं. आणि घालायचे तर दोन्ही कानांत. एक कान बंद आणि दुसऱ्यात तीन मशिनं घुसलेली असली, की एकाच बाजूला घागर लावलेल्या कावडीसारखी माणसाची गत होते.

मला ते ‘मराठा साहब’ म्हणायचे. मराठे पानिपतपर्यंतच आले होते, तुम्ही थोडे जास्तच पुढे निघून आलात, असं पहिल्याच आठवड्यात म्हणाले. मी अटकेपार झेंड्यांचा इतिहास सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “फिर वापस क्यों गए?”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी हसवतात आणि स्वतः मात्र हसत नाहीत. ग्यानीजी त्यातले. पंजाबातले ते दहशतवादाचे दिवस हसण्याचे नव्हतेच. कारखान्याची बस वाटेत नाक्यावर थांबायची. सगळे उतरायचे, आणि पोलिस पगडीवाल्यांना वेगळं उभं करायचे. आमची झडती एका मिनिटात आटपायची. ग्यानीजींचा डबा रोज उघडला जायचा. परत बसमध्ये चढताना ते म्हणायचे, आज पोलिसांना भेंडी आवडली नाही.

बैसाखीनंतर मात्र त्यांचं बोलणं आटलं. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की ते फक्त डाव्या कानात प्लग घालतात. उजवा कान उघडा. चालताना एका हाताने पाइपचा कठडा धरतात, वळताना थांबतात, डोळे मिटून घेतात. एकदा तर मशिनच्या फिरत्या पट्ट्याच्या अगदी जवळ झोकांडी गेली. मी त्यांना बाहेर ओढलं आणि त्यांचेच धडे त्यांना ऐकवले. कावडीचासुद्धा.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचं गाव अमृतसरच्या बाजूला. धाकटा मुलगा बहिणीच्या सासरी निघाला होता. वाटेत बस थांबवून पोलिसांनी त्याला उतरवलं. बसमधल्या चार जणांनी ते पाहिलं. पण आता कुठलंच ठाणं कबूल होत नव्हतं, की असा मुलगा आमच्याकडे आहे. ग्यानीजी सुट्टी मिळेल तेव्हा ठाण्याठाण्यांतून फिरून आले. गावात फोन एकच, सरपंचांकडे. काही कळलं की कारखान्याच्या गेटवर ट्रंक कॉल करतो, असा सरपंचांनी शब्द दिला होता. कॉल आला की चौकीदार बटण दाबणार आणि कंप्रेसर हाउसमधली घंटा वाजणार. दोन्ही कानांत प्लग असले की ती घंटा ऐकू यायची नाही.

मी विचारलं, मुलगा तसल्या काही भानगडीत नव्हता ना? हे विचारलं हे मी लपवत नाही.

“उम्र बाईस की है, और दाढ़ी है,” ग्यानीजी म्हणाले. “और क्या भानगड चाहिए, साहब?”

हा ‘भानगड’ शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता.

आता नियम असा, की ऑपरेटरला चक्कर येत असेल तर त्याला मशिनवरून उठवायचं आणि घरी पाठवायचं. ते चंदीगडच्या बुडैल वस्तीत भाड्याच्या खोलीत राहायचे. तिथे फोन कुठला? घरी पाठवलं तर फोन सुटणार. मशिनवर ठेवलं तर माणूस पट्ट्यात जाणार. दोन रात्री मला झोप नव्हती. तिसऱ्या सकाळी मला युक्ती सुचली. घंटेच्या तारेला जोड देऊन मी प्रेशर दाखवणाऱ्या घड्याळांवर एक लाल दिवा बसवला. त्या घड्याळांवर ग्यानीजींची नजर दिवसभर असायचीच. गेटवर बटण दाबलं की इथे दिवा. कान दोन्ही बंद, डोळे उघडे. ग्यानीजींनी दुसरा प्लग घातला, दोन दिवसांत चक्कर थांबली, आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी हवेत तरंगत होतो.

तरंगणारा माणूस कुठेतरी आपटतोच. आठवड्याने जनरल मॅनेजर फेरीला आले. मला माझा दिवा दाखवायचा होता. मी दारातून चौकीदाराला हात केला, की दाब. दिवा लागला. मॅनेजर ‘वा’ म्हणाले. आणि ग्यानीजींनी दोन्ही प्लग उपटून फेकले आणि धावत सुटले.

आधी सांगायला हवं होतं, हे मला ते दारातून बाहेर गेल्यावर सुचलं. दहा पावलं सरळ गेले, मग दोन तिरकी, मग खडीवर पालथे पडले. पगडी सुटली. मी पोचलो तेव्हा गुडघा फुटलेला, आणि ते मातीत हात टेकून विचारत होते, कोणाचा फोन आहे, सरपंचच आहेत ना, काय म्हणाले.

“टेस्टिंग था,” मी म्हणालो.

तिथेच खडीवर बसून त्यांनी पगडी पुन्हा बांधायला घेतली. एकेक वेढा. ती बांधून होईपर्यंत मी उन्हात उभा होतो.

त्यानंतर मी त्यांच्याकडून वचन घेतलं. यापुढे टेस्टिंग नाही. पण दिवा लागला तरी धावायचं नाही. आधी स्टुलावर बसायचं, दोन्ही प्लग फिरवत काढायचे, डोकं स्थिर झालं की मगच उठायचं. “पक्का?” मी विचारलं. “पक्का,” ते म्हणाले.

जूनमधल्या एका दुपारी दिवा लागला. मी तिथेच होतो. ग्यानीजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, की नाही, मी काही केलेलं नाही. ते स्टुलावर बसले. उजवा प्लग फिरवायला घेतला. शेपूट दोनदा बोटांतून निसटलं, तिसऱ्यांदा हाती लागलं. तो निघाला. मग डावा. मी हाताने खुणावत होतो, हळू, शाबास, असंच. डोळे मिटून ते क्षणभर थांबले, मग उठले आणि काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसे गेटपर्यंत चालत गेले. दोनशे पावलं असतील.

चौकीदाराने रिसीव्हर पुढे केला. लाइनवर कोणी नव्हतं. सरपंचच होते, तो म्हणाला. आले का, आले का, असं तीनदा विचारलं. निरोप सांगा म्हटलं, तर म्हणाले, त्यालाच सांगेन. फोनवर परक्या माणसाला असलं काही सांगण्याचे ते दिवस नव्हते. मग लाइन कटली.

मुलगा सापडला होता की आणखी काही सापडलं होतं, कोणालाच कळलं नाही. आम्ही उलटा कॉल बुक केला. एक्स्चेंजने सांगितलं, त्या बाजूच्या लाइन बंद आहेत. बस सुटेपर्यंत ग्यानीजी फोनसमोर बसून होते. चहा आणला, तो तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गावाला निघाले. जाण्याआधी ऑफिसात येऊन त्यांनी एक काडेपेटी माझ्या टेबलावर ठेवली. आत त्यांचे प्लग होते, धुऊन वाळवलेले. स्टोअरची वस्तू म्हणून परत केलेले. “चक्कर अब बिलकुल नहीं है, मराठा साहब,” असं म्हणून ते गेले. त्यांना माझं समाधान करायचं होतं.

ते परत आले नाहीत. मी गावच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली. एक परत आलं, दुसरं परतसुद्धा आलं नाही. हजेरीपटावरून नाव उतरलं. त्यांच्या जागी होशियारपूरचा एक मुलगा आला. त्याला प्लग घालायला मी शिकवलं. शिकवताना मायक्याचं वाक्य मात्र तोंडातून निघालं नाही.

ही हकिकत मी बायकोला बरेच दिवस पूर्ण सांगितली नव्हती. ग्यानीजी पडल्याचं तर मुळीच नाही. थंडीत एका रविवारी आम्ही गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो, तेव्हा सगळी सांगितली. दिव्याची वायरिंग कशी केली, जोड कुठे दिला, तेही. माझी चूक नेमकी कुठे झाली हे तिने सांगावं, अशी इच्छा होती. आणि ती म्हणावी, तुमची काही चूक नाही, अशी त्याहून जास्त.

तिने शेंगा बाजूला ठेवल्या. फोन गेटवरच होता ना, तिने विचारलं. मी हो म्हणालो. आणि कोणाची ड्यूटी कुठे लावायची, ते कोण ठरवायचं? मी म्हणालो, मीच.

“मग त्यांनाच गेटवर बसवायचं होतं की,” ती म्हणाली. “वायर कसली ओढत बसलात?”