हवालदार, चाळीस टक्के

हवालदाराला लंगडा म्हणायची गल्लीत कुणाची छाती नव्हती, आणि तसं म्हणायला त्याने कारणही ठेवलं नव्हतं. फौजेतल्या नोकरीच्या बाविसाव्या वर्षी डावा पाय सुरुंगावर पडला आणि गुडघ्याखालचा तिथेच राहिला. बदल्यात सरकारने एक कृत्रिम पाय दिला. दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावत बसला असता. हा गडी वर्षभर पहाटे उठून घरामागच्या बोळात चालला. गुडघ्याखाली फोड आले, फुटले, पुन्हा आले. शेवटी असा चालायला लागला, की गल्लीत नव्याने राहायला आलेल्या शिंप्याने सहा महिन्यांनी हवालदारणीला विचारलं, "वहिनी, यांचा एक पाय नाही म्हणतात, तो कुठला?" हवालदार त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला.

घर दोन रकमांवर चालायचं. एक बावीस वर्षांच्या नोकरीचं पेन्शन, ही मोठी. दुसरा पायाचा भत्ता, हा लहान. पण कृत्रिम पाय त्या भत्त्याच्या खात्यातूनच मिळायचा आणि दर तीन वर्षांनी बदलून यायचा. उरलेलं हवालदारीण शिवणयंत्रावर भागवायची.

मग वरच्या एका साहेबांना शोध लागला, की एकाच माणसाला सरकार दोनदा पैसे देतं आहे. साहेबांना पगार होता, बंगला होता, गाडी होती आणि गाडीचं दार उघडायला माणूस होता. पण ते काही लाभ नव्हेत, त्या सोयी. साहेबांनी नियम काढला: एका इसमास एका वेळी एकच लाभ. नोकरी केली असेल तर तिचे पैसे घ्या, पाय गेला असेल तर पायाचे घ्या; नोकरी करता करता पाय घालवण्याचा दुहेरी फायदा कुणाला मिळणार नाही. फक्त पन्नास टक्के किंवा जास्त अपंग असेल त्याला दोन्ही. त्यासाठी सगळ्यांना नव्याने मोजणार होते.

मोजणीचं पत्र वाचून हवालदारणीने यंत्र बंद केलं.

"आजपासून लंगडायचं."

"मला येत नाही," हवालदार म्हणाला.

"न यायला काय झालं? एक पाय लाकडाचा आहे तुमचा!"

"प्लास्टिकचा आहे. आणि लंगडणं म्हणजे खोटं बोलणं."

"अहो, पाय गेलाय हे खोटं आहे का?"

नवऱ्याला लंगडायला शिकवणारी बायको त्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिली. आठ दिवस तिने शेजारच्या आजोबांची काठी त्याच्या हातात देऊन बोळातून फेऱ्या घालून घेतल्या. "खांदा पाडा. तोंड जरा वाकडं करा. अहो, वाकडं म्हणजे दुखल्यासारखं, रागावल्यासारखं नव्हे!" आठव्या दिवशी त्याला बऱ्यापैकी लंगडता यायला लागलं आणि तो मनातून फार शरमला.

मोजणीच्या खोलीत लांब टेबलामागे तीन डॉक्टर बसले होते. मधले निवृत्त कर्नल. ते पेन्शन घेत होते आणि मंडळावर बसण्याचं मानधनही घेत होते, पण त्यांचे दोन्ही पाय शाबूत असल्याने नियम त्यांना लागू नव्हता. हवालदार खांदा पाडून, तोंड वाकडं करून आत आला. हवालदारीण दारात उभी राहिली. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

कर्नलांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सवयीने हुकूम सोडला, "हवालदार, सावधान! पुढे चल!"

झालं. आठ दिवसांची शिकवणी बावीस वर्षांपुढे कुठली टिकते? काठी खाली पडली. छाती पुढे आली. हवालदार ताडताड भिंतीपर्यंत गेला, टाच वाजवून वळला, तसाच परत आला आणि खाडकन सलाम ठोकला. हवालदारणीने कपाळावर हात मारून घेतला.

"वा!" कर्नलांचे डोळे भरून आले. "अशा जवानाला पन्नास टक्के अपंग म्हणणं हा त्याचा अपमान होईल. चाळीस लिहा."

खालच्या मजल्यावर कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. दोनपैकी एक लाभ सोडायचा. दोघांनी कोपऱ्यात उभं राहून विचार केला. मोठी रक्कम ठेवावी, लहान सोडावी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हवालदाराने पायाचा भत्ता सोडला.

"मग पाय जमा करा," कारकून म्हणाला. "भत्त्याच्या खात्यातला आहे ना तो. सरकारी मालमत्ता."

हुकूम तो हुकूम. हवालदार बाकावर बसला, पट्टे सोडले आणि पाय काउंटरवर ठेवला. कारकुनाने त्याला चिठ्ठी बांधली आणि पावती दिली.

हवालदारणीच्या डोक्यात तिडीक गेली. नवऱ्याचा हात खांद्यावर घेऊन ती तशीच जिना चढून मोजणीच्या खोलीत शिरली. मंडळ चहा घेत होतं.

"आता मोजा," ती म्हणाली.

कर्नल गोंधळले. पण मोजणीची एकच रीत त्यांना ठाऊक होती. "हवालदार, पुढे चल."

आणि हवालदाराने बायकोच्या खांद्यावरचा हात काढला. हुकमाला नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तो एक उडी पुढे गेला, दुसऱ्या उडीला तोल गेला आणि टेबलाच्या पायापाशी कोसळला. कपबशा खडखडल्या. तो पडल्या पडल्या हसायचा प्रयत्न करत होता. इतक्या वर्षांच्या संसारात हवालदारणीने त्याला पडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"साठ टक्के," कर्नल हळूच म्हणाले. "दोन्ही लाभ चालू राहतील. मात्र दर वर्षी मोजणी होईल. पाय लावून चालताना दिसलात तर पुन्हा चाळीस."

म्हणजे पैसे दोन्ही मिळणार होते, फक्त त्याने उभं राहायचं नव्हतं. आठ दिवस जिवाचं रान केलं ते याचसाठी. हवालदारीण नवऱ्याला उठवत होती, आणि तो कपड्यांवरची धूळ झटकत म्हणत होता, "घे गं साठ. मला काय, बसून राहायची सवय होईल."

"चाळीस लिहा," ती कर्नलांना म्हणाली. "भत्ता ठेवा, पाय द्या. पेन्शन आम्ही सोडतो."

"अगं, मोठी रक्कम ती!"

"माझं यंत्र आहे. तुम्ही गप्प बसा."

खाली कारकुनाने पाय परत केला आणि नवा फॉर्म दिला. त्यावर छापलेलं होतं: 'बावीस वर्षांच्या सेवेचे निवृत्तिवेतन मी स्वखुशीने सोडत आहे.' हवालदार पट्टे आवळत होता. हवालदारणीने पेन घेतलं आणि 'स्वखुशीने' या शब्दावर आडवी रेघ मारली.

"बाई, खाडाखोड चालत नाही," कारकून म्हणाला आणि दुसरा फॉर्म दिला. तिने त्यावरही रेघ मारली. तिसऱ्यावरही मारली.

चौथा फॉर्म काढायला कारकुनाने खण उघडला, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खण परत लावला. मग रेघ मारलेल्या फॉर्मवरच त्याने शिक्का उमटवला.